पार्थपूरचे ज्ञानराज : प्रस्तावना

शके १४२५ च्या सुमारास पार्थपूरच्या एका ज्योतिष्याने ‘सिद्धांतसुंदर’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. ज्योतिष्याचे नाव ज्ञानराज, वडिलांचे नागनाथ, गोत्र भारद्वाज. पार्थपूर म्हणजे आजचे पाथरी आणि तो शक म्हणजे इसवी सन १५०३. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला तो ११५० मध्ये. मधल्या साडेतीनशे वर्षांत करणग्रंथ झाले, टीका झाल्या, कोष्टके झाली. पण विश्वाची रचना, ग्रहांची गती आणि त्यांमागची कारणे एका जागी मांडणारा मोठा सिद्धांतग्रंथ भास्करानंतर पुढे आला तो हाच, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. तो आपल्या परभणी जिल्ह्यात लिहिला गेला.

जिंतूर तालुक्यातल्या बोरीहून निघून झरी, परभणी, मानवत करत पाथरीला जाणारी माणसे रोज कितीतरी आहेत. कोणी बाजाराला जाते, कोणी सोयरिकीला, कोणी साईबाबांच्या जन्मस्थानाच्या श्रद्धेने. गंगाखेड म्हटले की जनाबाई आठवते, जिंतूर म्हटले की नेमगिरी. पाथरी म्हटल्यावर ज्ञानराजांचे नाव मात्र कोणाच्या तोंडी येत नाही. गणित शिकवणाऱ्यांच्याही नाही. हे पुस्तक लिहायला घेतले ते एवढ्यासाठी. आपल्या मातीत कोणी मोठा माणूस होऊन गेला म्हणून छाती फुगवायची, आणि त्याने काय लिहिले ते उघडूनही पाहायचे नाही, ही रीत मला मान्य नाही. ज्ञानराजांना वाचायचे तर त्यांचे म्हणणे समजून घ्यावे लागेल, पटले तिथे पटले म्हणावे लागेल आणि चुकले तिथे चुकले म्हणावे लागेल.

आधी कुळाविषयी. ज्ञानराजांचे पूर्वज राम हे देवगिरीच्या रामदेवराय यादवांच्या काळातले, राजाच्या मानातले. रामदेवरायांची कारकीर्द १२७१ ते १३११. त्याआधी काही दशके, चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला होता. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. म्हणजे यादवांच्या राज्यात गणितज्योतिषाला राजाश्रय होता, शिकवण्याची सोय होती, आणि खानदेशापासून गोदाकाठापर्यंत ही विद्या जाणणारी घरे होती. राज्य बुडाले, देवगिरीचे दौलताबाद झाले, बहामनी आली आणि फुटली. या घरांतली विद्या मात्र बापाकडून मुलाकडे जात राहिली. पार्थपूरचे घर त्यांतले एक.

ज्ञानराजांच्या काळात पाथरी हे सीमेवरचे गाव होते. बहामनी राज्याचे तुकडे होऊन वऱ्हाडात इमादशाही आणि अहमदनगरात निजामशाही उभी राहिली. पाथरी इमादशाहीकडे, पण इतिहासकार फिरिश्ता सांगतो की निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्याच ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घरातला. त्यामुळे बुऱ्हाण निजामशहाला हे गाव आपल्या पूर्वजांचे म्हणून हवे होते, आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यासाठी दोन शाह्यांत लढाया झाल्या. गावावरून फौजा जात-येत असतील अशा काळात या घरातले लोक ग्रहांच्या मध्यम गती, छाया आणि ग्रहणे यांचा हिशेब करत होते. ज्ञानराजांचे आणि त्यांच्या मुलांचे लिखाण सगळे या चाळीस-पन्नास वर्षांतले आहे. शांतता असेल तरच विद्या वाढते असे आपण सहज म्हणून जातो. पाथरीची गोष्ट तशी नाही.

त्याच वेळी दुसरीकडे काय चालले होते, हे एकदा डोळ्यांपुढे आणले पाहिजे. केरळात नीलकंठ सोमयाजी यांचा ‘तंत्रसंग्रह’ १५०१ च्या सुमारास पुरा झाला. कोकणात नांदगावी गणेश दैवज्ञ वाढत होते; त्यांचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२ चा, म्हणजे १५२० चा. पोलंडचा कोपर्निकस १५०३ मध्ये तिशीचा होता आणि त्याचा ग्रंथ छापून यायला अजून चाळीस वर्षे होती. इंग्लंडात तर इंग्रजी भाषेतले बीजगणिताचे पुस्तकही अजून निघाले नव्हते. तसे पहिले पुस्तक लिहिणारे आणि बरोबरीची दोन आडव्या रेघांची खूण रूढ करणारे रॉबर्ट रेकॉर्ड यांचा जन्म १५१० च्या आसपासचा, आणि ते पुस्तक १५५७ चे. दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढणारे थॉमस हॅरियट १५६० च्या सुमारास जन्मले.

हॅरियट यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. त्यांनी १६०९ च्या जुलैमध्ये, गॅलिलिओच्या काही महिने आधी, चंद्राचे दुर्बिणीतले चित्र कागदावर उतरवले. पण ते छापले नाही. १६२१ मध्ये ते वारले, दहा वर्षांनी बीजगणिताचा एक ग्रंथ तेवढा इतरांनी छापला, आणि बाकीचे कागद एका सरदाराच्या वाड्यात पडून राहिले. ते पुन्हा हाती लागले १७८४ मध्ये. तेव्हापासून आजपर्यंत त्या कागदांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे काम करत आली. ज्ञानराजांची पोथी अशीच हस्तलिखितांत राहिली. फरक इतकाच की तिच्यावर बसणारी माणसे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजावी इतकी निघाली.

पोथी मागे का पडली, याचे कारण गणेश दैवज्ञांच्या शेजारी ज्ञानराजांना ठेवले की दिसते. आपल्याकडे ज्योतिषगणिताचे ग्रंथ साधारण तीन जातींचे. सिद्धांत कल्पाच्या आरंभापासून ग्रहांची गणना करतो. कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. तंत्र युगाच्या आरंभापासून करते. करण एखादा जवळचा शक धरून करते. पंचांग करणाऱ्या जोश्याला रोजच्या कामाला हवे असते ते करण. कलियुगाच्या आरंभापासून शके १४२५ पर्यंत ४,६०४ वर्षे होतात. त्यांचे दिवस मांडले तर १६ लाख ८१ हजारांच्या वर जातात. कल्पापासून धरले तर आकडा कुठल्या कुठे जातो. आता ग्रहलाघव पाहा. गणेश दैवज्ञांनी अकरा-अकरा वर्षांची चक्रे केली. एका चक्राचे दिवस ४,०१६. त्यामुळे दिवसांचा आकडा चार हजारांच्या घरातच राहतो, आणि ज्यांची (म्हणजे साइनची) कोष्टके न लावता सगळे गणित सुटते. धूळपाटीवर बसल्या बैठकीला ग्रह काढता येतो. असा ग्रंथ घरोघर गेला नसता तरच नवल. पुढची तीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रातले जोशी ग्रहलाघवावर पंचांग करत आले.

सिद्धांतसुंदर या कामासाठी लिहिलेलाच नाही. ज्याला ग्रह कुठे आहे हे काढता येते, पण असेच का काढायचे हे विचारायचे आहे, अशा माणसासाठी तो आहे. माझ्या मते ज्ञानराजांची सगळी ओळख यात आली. त्यांनी ग्रंथाची मांडणीही तशीच केली. गोलाध्याय त्यांनी आधी घेतला आणि ग्रहगणित नंतर. भास्कराचार्यांच्या ग्रंथात क्रम उलटा आहे : आधी गणित, मग गोल. ज्ञानराज आधी पृथ्वी कशी आहे ते सांगतात, मग ग्रहांच्या मध्यम गतीची उपपत्ती, मग आकृत्यांनी केलेला खुलासा, मग आकाशातल्या वर्तुळांचे वर्णन, मग यंत्रे, आणि शेवटी चक्क ऋतुवर्णनाचे काव्य. ऋतूंचे श्लोक श्लेषाने भरलेले आहेत. गणिताच्या ग्रंथात हे कशाला, असे आजच्या वाचकाला वाटेल. मला वाटले नाही. सूर्याच्या गतीने ऋतू होतात. ज्याने ती गती मोजली त्याला तिने फुललेला वसंत दिसू नये असे थोडेच आहे? बीजगणितावरचा अध्याय वेगळा. ग्रहगणिताच्या अध्यायात मग मध्यम ग्रह, स्पष्ट ग्रह, त्रिप्रश्न, दोन्ही ग्रहणे, उदयास्त, चंद्राची शृंगोन्नती असे नेहमीचे विषय क्रमाने येतात. शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा क्रम मला फार योग्य वाटतो. पृथ्वीचा गोल मनात उभा राहिला नसेल तर पुढचे त्रैराशिक पाठांतर होऊन बसते.

आता ज्या भागासाठी ज्ञानराजांची चर्चा अधिक होते, तिकडे वळतो. पुराणे सांगतात की पृथ्वी सपाट आहे, मध्ये मेरू आहे, भोवती सात द्वीपे आणि सात समुद्र आहेत. सूर्य मेरूच्या आड गेला की रात्र होते. चंद्र सूर्याच्याही पलीकडे आहे. राहू गिळतो म्हणून ग्रहण लागते. आणि सगळ्या पृथ्वीला शेषाने तोलून धरले आहे. ज्योतिषाचे सिद्धांत सांगतात की पृथ्वी गोल आहे, चंद्र सर्वांत जवळचा आहे, चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरला की चंद्रग्रहण आणि चंद्र सूर्याच्या आड आला की सूर्यग्रहण. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच घरात सांगितल्या जात. पुराणिक देवळात भागवत सांगे, आणि ग्रहणाचा वेध कधी, मोक्ष कधी हे विचारायला तेच श्रोते जोश्याकडे जात. ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी आपल्या गावांत अजून कानावर येते, आणि ती हाळी कोणत्या मिनिटाला सुरू करायची ते मात्र गणितानेच ठरते.

ज्ञानराजांनी हा विरोध टाळला नाही. दोन्हींचा मेळ घालायचा त्यांनी उघड प्रयत्न केला, आणि त्यांच्यानंतर अशा विरोधपरिहाराची एक परंपराच सुरू झाली. भास्कराचार्यांनी शेषाचा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला होता. पृथ्वीला आधार म्हणून कोणी धरला तर त्या आधाराला आधार कोणाचा? असे विचारत गेलात तर शेवट नाही. शेवटी कुठेतरी कोणीतरी स्वतःच्या शक्तीने राहतो असे मानायचेच असेल, तर ती शक्ती पहिल्यापासून पृथ्वीचीच का मानू नये? हा युक्तिवाद मला आजही धारदार वाटतो. ज्ञानराज पृथ्वी गोलच मानतात, पण भास्कराचे हे म्हणणे ते जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. त्यांचा दाखला असा : गिधाड चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहते. एवढ्या अल्पशक्तीच्या पाखराला जर हे जमते, तर अचिंत्य शक्ती असलेल्या कूर्मरूपाला पृथ्वी कल्पभर आकाशात धरून ठेवणे का जमू नये?

हा दाखला युक्तिवाद म्हणून टिकत नाही. गिधाडाला हवेचा आधार असतो. आकाशातल्या कूर्माला तो कशाचा, याचे उत्तर राहतेच. भास्कराने विचारलेला प्रश्न इथे सुटलेला नाही, बाजूला सरलेला आहे, असे मी स्वच्छ म्हणेन. पण दाखला कुठून उचलला ते पाहा. वर बघून घिरट्या मोजणाऱ्या माणसाचा हा दाखला आहे. पंख न हलवता तासन्‌तास आभाळात राहणारा पक्षी गोदाकाठच्या माणसाने रोज पाहिलेला असणार. (आपल्या भागात आता गिधाड दिसेनासे झाले. जनावरांना टोचलेल्या एका वेदनाशामक औषधाने ती मेली हे सिद्ध झालेले आहे. नवव्या-दहाव्या वर्गातल्या मुलांना हा दाखला समजावून सांगायचा तर आधी गिधाड कसे उडते तेच सांगावे लागते, याची मला खंत आहे.)

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. पुराणाला मान देताना ज्ञानराजांनी गोल सपाट केला नाही. ग्रहणाचे गणित त्यांच्याकडेही छायेवरच चालते. देवाच्या शक्तीने पृथ्वी तोलली आहे असे म्हणणारा हा माणूस पुढच्याच अध्यायांत चंद्राचे बिंब, छायेची रुंदी आणि दोहोंतले अंतर यांवरून ग्रास काढतो. श्रद्धेने विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी वेड्यात काढले नाही, आणि त्या प्रश्नासाठी गणितही वाकवले नाही. ज्यांना ज्ञानराज म्हणजे भास्करापासून एक पाऊल मागे असे वाटते, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. आणि ज्यांना ते आपल्या पुराणांचे समर्थक म्हणून मिरवायचे आहेत, त्यांनीही.

यंत्रांच्या भागाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तो भाग कोणालाही आपल्या अंगणात करून पाहता येतो. सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत खरे यंत्र म्हणजे शंकू. बोरीत कुठेही उघडी जागा घ्या. जमीन चोपून सपाट करा आणि वर तांब्याभर पाणी ओतून पाहा. पाणी एका बाजूला न पळता सारखे पसरले की जागा चांगली. मधोमध बारा अंगुळे उंचीची सरळ काठी रोवा आणि गवंड्याचा ओळंबा लावून ती उभी आहे याची खात्री करा. काठीच्या बुडाभोवती एक मोठे वर्तुळ काढा. सकाळी सावली वर्तुळाबाहेर असते. ऊन चढते तशी ती आखडत येते, आणि एका क्षणी तिचे टोक परिघाला शिवते. तिथे खूण करा. दुपार उलटल्यावर सावली वाढत जाऊन टोक पुन्हा परिघाला शिवते. तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडा : ही तुमची पूर्व-पश्चिम रेषा. तिच्यावर काठीच्या बुडातून लंब काढा : ही दक्षिणोत्तर. होकायंत्र दाखवते त्या उत्तरेपेक्षा ही उत्तर अधिक खरी, कारण होकायंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वामागे जाते.

आता २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र सारखी असते तेव्हा, ऐन माध्यान्ही सावली दक्षिणोत्तर रेषेवर आली की मोजा. बोरीत ती सुमारे सव्वाचार अंगुळे भरते. हिला पलभा म्हणतात. (पंचांगातली मेषसंक्रांत आता एप्रिलच्या मध्यावर येते, त्या दिवशी मोजून चालत नाही, हे ध्यानात ठेवावे.) पाथरी किंचित दक्षिणेला असल्याने तिथली पलभा अगदी थोडी कमी. बाराचा वर्ग १४४, सव्वाचारचा वर्ग अठरा आणि थोडे. बेरजेचे मूळ पावणेतेराच्या आत-बाहेर. ही त्या काटकोन त्रिकोणातली तिरपी बाजू. पलभेला तिने भागले की गावाच्या अक्षांशाची ज्या मिळते, आणि अक्षांश येतो साडेएकोणीसच्या जवळपास. नकाशा उघडून ताडून पाहा.

एवढ्यावर थांबू नका. करणग्रंथांतली जुनी रीत अशी : पलभेला दहाने, आठने आणि दहाच्या तिसऱ्या हिश्शाने गुणायचे. सव्वाचारला असे गुणले तर साडेबेचाळीस, चौतीस आणि चौदा, मिळून नव्वदच्या वर थोडी पळे. साठ पळांची एक घटिका, चोवीस मिनिटांची. म्हणजे दीड घटिका झाली. विषुवदिनी अर्धा दिवस पंधरा घटिकांचा असतो. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी तो साडेसोळा घटिकांचा. पूर्ण दिवस तेहेतीस घटिका, म्हणजे तेरा तास बारा मिनिटे. दिनदर्शिकेत त्या दिवसाचा सूर्योदय-सूर्यास्त पाहा. काही मिनिटांचा जो फरक राहतो तो बराचसा हवेतून प्रकाश वाकतो त्यामुळे. काठी, सावली आणि तीन गुणाकार एवढ्या भांडवलावर आपल्या गावाचा अक्षांश आणि वर्षातला सर्वांत मोठा दिवस हाती येतो. हे पहिल्यांदा जुळले तेव्हा वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते दुसऱ्या कुठल्या धड्याला मी पाहिलेले नाही. मेच्या मध्यानंतर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकेक दिवस असा येतो की माध्यान्ही काठीला सावलीच नसते. जुलैत ढग असतात; मेमधला दिवस चुकवू नये.

ज्ञानराजांची दोन मुले विद्वान निघाली. चिंतामणींनी वडिलांच्या ग्रंथावर ‘ग्रहगणितचिंतामणी’ ही टीका लिहिली आणि तीत गणिताच्या उपपत्तीला दर्शनशास्त्राची प्रमाणचर्चा जोडली. ती वाचायला कठीण आहे आणि या पुस्तकात मी तिचा थोडाच भाग घेतला आहे. दुसरे सूर्यदास, ज्यांना सूर्यपंडितही म्हणतात, ते वडिलांपेक्षाही अधिक लिहिते झाले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १५३८ मध्ये, त्यांनी भास्कराच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ लिहिला आणि तीन वर्षांनी लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’. गीतेवरही त्यांची टीका आहे. आणि ‘रामकृष्णविलोमकाव्य’ नावाचे चाळिसाच्या आत श्लोकांचे त्यांचे काव्य आहे. त्यातली ओळ डावीकडून उजवीकडे वाचली की रामकथा, आणि तीच ओळ शेवटच्या अक्षरापासून उलटी वाचली की कृष्णकथा. एकेक अक्षर दोन्ही दिशांनी कामाला येईल असे बसवायचे, संधी सांभाळायचे, वृत्त सांभाळायचे. अज्ञात संख्या दोन्ही बाजूंनी तोलण्याची सवय ज्याच्या हाताला होती त्यालाच हे सुचले असावे, असे मला राहून राहून वाटते. त्यांच्या आणखी एका ग्रंथात म्लेंच्छमताचे, म्हणजे मुसलमानी ज्योतिषाचे, स्वतंत्र निरूपण आहे. निजामशाही आणि इमादशाहीच्या सीमेवर राहणाऱ्या पंडिताने शेजारची विद्या काय म्हणते ते टिपून ठेवले, ही गोष्ट लहान नाही.

याच गोदाकाठच्या दुसऱ्या एका घराने पुढे मोठे नाव काढले. गोलग्रामचे दिवाकर हे गणेश दैवज्ञांचे शिष्य. त्यांची मुले-नातवंडे काशीला गेली. मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर टीका लिहिल्या, आणि त्याच वंशातले कमलाकर यांनी १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला. वऱ्हाडातूनही अशी घरे काशीला गेली. काशीचे पंडित म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांच्यातले कितीतरी गोदावरीच्या आणि पूर्णेच्या पाण्यावर वाढलेले होते.

सूर्यदासांच्या टीका त्याहून लांब गेल्या. हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी भास्कराच्या लीलावती आणि बीजगणिताचे इंग्रजी भाषांतर केले. ते १८१७ मध्ये लंडनला छापले. मूळ सूत्र अवघड वाटेल तिथे त्यांनी तळटीपेत टीकाकारांचा खुलासा दिला, आणि त्या टीकाकारांत गणेश दैवज्ञांच्या बरोबरीने सूर्यदास पानोपान भेटतात. पार्थपूर हे गाव, ज्ञानराज हे वडील, सगळे तिथे नोंदलेले आहे. कोलब्रुक यांनी आपला हस्तलिखितांचा संग्रह १८१९ मध्ये लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ग्रंथालयाला दिला. पुढे ते तिथल्या खगोल मंडळाचे अध्यक्ष झाले. गणनयंत्राबद्दल चार्ल्स बॅबेज यांना मंडळाचे सुवर्णपदक दिले गेले तेव्हा अध्यक्षपदावरून भाषण केले ते कोलब्रुक यांनीच. पाथरीत बसून लिहिलेली टीका वाचलेला माणूस गणनयंत्राचे कौतुक करायला उभा होता. या प्रसंगावर मी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

मराठी वाचकापुढे ज्ञानराजांना आणले ते शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. दापोलीजवळच्या मुरुडला १८५३ मध्ये जन्मलेला, शाळाखात्यात नोकरी करणारा हा माणूस. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ चा, आणि दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीत, ते गेले. पोथ्या शोधत ते गावोगाव हिंडत, ज्योतिष्यांच्या घरी जात, वंशावळी लिहून घेत. ज्ञानराजांच्या कुळातले एक शास्त्री त्यांना बीडला भेटले आणि त्यांच्याकडून घराण्याची हकिकत मिळाली. पार्थपूर म्हणजे पाथरी हेही दीक्षितांनीच सांगितले. असा ग्रंथ मराठीत लिहिला गेला हे मराठीचे भाग्य. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली, आणि सिद्धांतसुंदरचा इंग्रजी अनुवाद व भाष्य २०१४ मध्ये अमेरिकेतून निघाले, टोके लिंडेगार्ड नुडसेन या डॅनिश विद्वानाच्या हातून. ब्राऊन विद्यापीठात त्यांनी हस्तलिखिते ताडून पाठ सिद्ध केला होता. माझ्या या पुस्तकाला दीक्षितांचा आणि नुडसेन यांचा आधार पदोपदी आहे. त्या दोघांवाचून मला एक पाऊल टाकता आले नसते.

पुस्तक कसे वाचावे याविषयी थोडे. पहिली तीन प्रकरणे कुळ आणि काळ यांची. चौथ्यात गोलाध्याय, पाचव्यात पुराण आणि गणित यांचा वाद. सहावे-सातवे ग्रहगणिताचे आहेत. तिथे कागद-पेन्सिल लागेल, आणि दहावीपर्यंतचे गणित पुरेल. ज्यांना आकड्यांची भीती वाटते त्यांनी ती दोन प्रकरणे सोडून सूर्यदासांकडे जावे आणि नंतर परत यावे. शाळांसाठी शंकूचे प्रयोग शेवटी वेगळे दिले आहेत. त्यांतले मोजमाप बोरीचे आहे. दुसऱ्या गावी पलभा बदलेल, ती ज्याने त्याने मोजून घ्यावी. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. संस्कृत श्लोक दिलेले नाहीत. त्यांचा आशय माझ्या शब्दांत आहे, आणि आशय सांगण्यात कुठे उणे असेल तर तो दोष माझ्याकडे, ज्ञानराजांकडे नाही.

बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी